एक नंबरची ओळ

दवाखान्यात ती चप्पल वाजवत चालायची नाही. नव्या कुत्र्याच्या डोळ्यांत बघायची नाही. आधी थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. मांजर आलं की आवाज निम्मा करायची. वजनकाट्यावर जुना टॉवेल अंथरायची, कारण पत्रा पायांना गार लागतो. थर्मामीटर लावण्याआधी प्राण्याला "माफ कर बाबा" म्हणायची. मालकांना मात्र माफी नव्हती. चहा ओतून घ्यायची आणि विसरायची. आणि ऑपरेशनच्या आधी ज्याच्या हातात पट्टा असेल त्याला औषधांच्या कपाटामागे न्यायची आणि हळूच विचारायची, "किती खाल्लं?"

"खाल्लं का?" असं कधीच नाही.

सगळे तिला आत्या म्हणायचे. वयाने मोठे असलेले डॉक्टरही. प्राण्यांच्या त्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं मदतनीस होती. मी दोन वर्षांपूर्वी माझं मांजर दाखवायला गेले आणि केसपेपर लिहायला तिथेच राहिले. साहित्यात एम.ए. झालेल्या मुलीला दुसरं कोणी बोलावत नव्हतं. आत्या मला कवयित्री म्हणायची. "कवयित्री, पेन ठेव, शेपूट धर."

नऊ दिवसांपूर्वी दुपारी ती गेली. दोन ड्रेसिंगच्या मध्ये "जरा पाठ टेकते गं" म्हणून मागच्या खोलीत स्टुलावर बसली. मी हाक मारायला गेले तेव्हा भिंतीला टेकून होती. मांडीवर टॉवेलची घडी. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला अजून ते वाक्य पूर्ण ऐकू आलेलं नाही.

महिनाभर आम्ही दोघी एक फलक लिहीत होतो. दारात लावायचा. मालकांनी येताना काय करावं, काय करू नये. माझा पहिला खर्डा "मुक्या जीवांच्या सहृदय पालकांनो" असा सुरू होत होता. तिने चष्मा पुसून तो वाचला.

"हे वाचून होईपर्यंत कुत्रं चावून मोकळं होईल," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

मी कागदावर एक आकडा घातला.

"एकची जागा सोड. ते शेवटी. दोनपासून घे."

दोन. मांजर कडेवर आणू नका. झाकणाच्या टोपलीत आणा, आत घरातलं फडकं घाला. कडेवरच्या मांजराला इथे कुत्रं दिसतं आणि मग आपण सगळे रस्त्यावर धावतो.

तीन. "आमचा चावत नाही" हे आम्हाला सांगू नका, त्याला सांगा. तोंडाला पट्टी बांधली तर अपमान मानू नका.

चार. माणसाची तापाची गोळी मांजराला देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. दिली असेल तर पाकीट घेऊन लगेच या. आम्ही रागावणार नाही.

"आत्या, तुम्ही रागावता," आतून डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही टाके घाला हो. लोक आले तर पाहिजेत आधी!"

पाच. जुलाब होत असतील तर नमुना डबीत आणा. नुसतं वर्णन नको.

असं करत आम्ही नऊपर्यंत पोचलो. लसीचं कार्ड, घट्ट पट्टा, रांगेत दुसऱ्याच्या कुत्र्याशी ओळख न काढणं. एकची जागा तशीच राहिली. मी दोनतीनदा आठवण करून दिली. ती म्हणायची, "आज दमलेय गं."

एकदा ती चिमटे, कात्र्या उकळत्या पाण्यातून काढत होती. तेव्हा न विचारताच बोलली.

"बारा वर्षं झाली. एक आजोबा होते, तपकिरी कुत्रं घेऊन आलेले. बरोबर मुलगी. तिने घरी दहादा बजावलं होतं, सकाळी काही घालायचं नाही म्हणून. मी काउंटरवरूनच ओरडून विचारलं, काही खाल्लंय का? मुलीसमोर. ते नाही म्हणाले. आता काय म्हणणार?"

"मग?"

"कुत्रं जिभल्या चाटत होतं. आजोबांच्या स्वेटरवर पावाचे कण होते. मी बघितले, कवयित्री. दिवसातलं चौथं ऑपरेशन होतं. पाय दुखत होते. मी कागदावर लिहिलं, उपाशी."

भुलीत कुत्र्याला उलटी झाली. ती फुप्फुसात गेली. तिसऱ्या दिवशी कुत्रं गेलं. आजोबा त्यानंतर एकदा आले, रिकामा पट्टा घेऊन. तो दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणाले. आत्याने घेतला. तो अजून कपाटाच्या खिळ्याला आहे. कोणालाही दिलेला नाही.

तेव्हापासून कपाटामागचा प्रश्न. कोणी कबूल केलंच तर ती बाहेर येऊन घरच्यांना सांगायची, "आज डॉक्टरांना जमत नाही, दुसऱ्या दिवशी या." ज्याने खाऊ घातलं त्याचं नाव कधी फुटलं नाही. त्यामुळे डॉक्टर चार गल्ल्यांत बेभरवशाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

काल एक जोडपं पांढरी कुत्री घेऊन आलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन होतं. मी काउंटरवरून विचारलं, "काही खाल्लंय का?"

"छे! कालपासून पाण्याशिवाय काही नाही," बाई म्हणाल्या. "यांना सांगून ठेवलं होतं, हात लावलात तर बघा."

काका पट्ट्याची कडी उघडझाप करत होते. मी लिहिलं, उपा. पेन थांबलं. सकाळपासूनचा हा सातवा कागद होता आणि मलाही तो संपवायचा होता.

"काका, जरा इकडे येता? वजन बघू."

वजनकाटा कपाटामागे नाही. ते तरीही आले.

"किती खाल्लं?"

त्यांनी त्या खिळ्यावरच्या पट्ट्याकडे बघितलं. "चार बिस्किटं. आत्ता निघताना. अगं, ती बघत होती माझ्याकडे." मग घाईने म्हणाले, "हिला सांगू नकोस."

मी बाहेर येऊन सांगितलं, आज डॉक्टरांना जमत नाही.

"या डॉक्टरांचं नेहमीचंच," बाई म्हणाल्या. "उगाच उपाशी ठेवलं बिचारीला."

डॉक्टरांनी दारातून हे ऐकलं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि हातमोजे काढून ठेवले.

मग मी फलकाचा कागद काढला. "ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवा." वाक्य बरोबर आहे. पण ते त्या आजोबांना माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. मी ते खोडलं.

आत्याचा एप्रन अजून दारामागे आहे. धुवायला टाकायचा म्हणून खिसे बघितले. कापूस, पेन्सिल, चार घड्या घातलेला केसपेपर. त्याच्या मागे तिचं मोठं, सुटं अक्षर. एक ओळ चार वेळा लिहून खोडलेली. पाचवी खोडलेली नाही.

"एक. राहवलं नाही म्हणून खायला घातलं असेल, तर लाजू नका. मागे या. मीही एकदा कागदावर खोटं"