घमेल्याखालची दुपार

वाळत्या मोहफुलांचा वास आला की देवरीजवळच्या आमच्या घराचा स्लॅब आठवतो. तिथे पसरलेल्या फुलांच्या मधोमध माझ्या पीएचडीच्या कामाचा बुटका अँटेना बसवलेला होता. उपग्रहाकडून दोन संकेत निघायचे, आभाळातल्या इलेक्ट्रॉनांमुळे एक दुसऱ्यापेक्षा जास्त रेंगाळायचा, आणि त्या फरकावरून मी वर किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजायची. एका दुपारी दोन तास नोंदच आली नाही. धावत वर गेले, तर अँटेनावर लोखंडी घमेलं पालथं! आई म्हणाली, "माकडं येऊन रायली होती, तुयी मशीन फोडली असती ना!" माझे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "आलेखातली मधली रेघ अंदाजानं जोडून टाक, कोण विचारतंय?" मी म्हटलं, "ते दोन तास मी आभाळ पाहिलंच नाही सर, रेघ कुठून आणू?" "मग प्रबंधावरच्या माझ्या सहीसाठी थांब." थांबले. वर्षभर थांबले, पण रेघ जोडली नाही. प्रबंध छापला तो त्या खिंडारासकट, आणि खाली कारणही लिहिलं: आईने अँटेनावर घमेलं झाकलं होतं. आता माझे विद्यार्थी सलग, गुळगुळीत रेघा घेऊन येतात. मी प्रत्येकाला एकच विचारते, "तुझं घमेलं कुठाय?"