फळ्यावरची चार नावं

माझ्यासारख्यानं लिहावं की नाही, कळत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

जळगावच्या कॉलेजात आम्हाला युनिक्स विषय होता, पण लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर विंडोज. म्हणून सर युनिक्स फळ्यावर शिकवत. 'हू' ही आज्ञा दिली की संगणकावर कोण कोण काम करतंय ते दिसतं, असं सांगून ते खाली चार नावं लिहीत. आम्ही ती पाठ करायचो.

एका मासिकासोबत मला लिनक्सची सीडी मिळाली. ते युनिक्सच्याच वळणाचं. एका मशीनवर विंडोजशेजारी टाकू का, असं मी सरांना भीतभीत विचारलं.

"विंडोज उडालं तर तू जबाबदार," एवढं बोलून त्यांनी परवानगी दिली.

मी हार्ड डिस्कचे दोन भाग करायला घेतले. मागून वर्गातला मित्र म्हणाला, "काय भो, वाटणी करून राहिला का? बांधावरून भांडतील हां दोघं!"

भांडले नाहीत. मशीन सुरू होताना विचारू लागलं, विंडोज की लिनक्स? मी लिनक्स घेतलं, 'हू' दिलं. एकच नाव आलं. माझं. किती वेळ बघत बसलो होतो.

पुढं एमसीए करायचं होतं, त्याला पहिला वर्ग लागत होता. प्रात्यक्षिक परीक्षेला धुळ्याहून परीक्षक आले. 'हू' दिल्यावर काय दिसतं ते लिहा, असा प्रश्न होता. बाकीच्यांनी पाठ केलेलं कागदावर उतरवलं. मी मशीनवर चालवून, दिसलं ते लिहिलं.

"सगळ्यांची चार नावं, तुझं एकच कसं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, मशीनवर मी एकटाच बसलोय."

"म्हणजे अख्खा वर्ग खोटा?"

मी आमच्या सरांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "पोरगा जरा आगाऊ आहे. चला सर, चहा घेऊ." मशीन चालूच होतं. त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

सुटीत नरडाण्याला घरी निकालाची वाट बघत होतो. तोच मित्र निकाल बघून पॅसेंजरनं आला. माझ्या वडिलांनी, आबांनी, दारातच विचारलं, "पास व्हयना ना?"

"पास झाला ना, आबा." मग तो माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "लेखीत तूच पहिला, भो. प्रात्यक्षिकात काठावर पास केलंय. पहिला वर्ग गेला."