रंगीत कपाटाचा वरचा खण

लग्न होऊन मेहकरहून पिंपळगाव राजाला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि तिचा कोयंडा मोडका होता. लग्नाच्या गडबडीत तो दुरुस्त करून घ्यायचं राहून गेलं. मोडका कोयंडा म्हणजे काही जगबुडी नव्हे. पण सासरच्या घराची रीत अशी की झाकण दिसलं की उघडायचं. मोठ्या जाऊबाईंना पोलक्याला बटण हवं, उघडा नवीन सुनेची पेटी. त्यांच्या पोरांना पतंगाच्या शेपटीला चिंधी हवी, उघडा पेटी. कोणाच्या मनात वाईट काही नसे. त्या घरात कोणाचंच काही वेगळं नव्हतं. सगळ्यांची लुगडी एका वलणीवर आणि सगळ्यांच्या फण्या एका कोनाड्यात.

आणि माझ्या पेटीच्या तळाशी, शालूच्या घडीत, एक बाहुली होती. आईनं शिवलेली, चिंध्यांची, डोळ्यांच्या जागी काळे मणी आणि अंगावर आईच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा. मला पुरणपोळी येत होती, गाईची धार काढता येत होती, आणि बाहुली जवळ आहे हे ठाऊक असल्याशिवाय झोप येत नव्हती. जाऊबाईंना हे कळलं असतं तर पोळ्याच्या बैलासारखं त्यांनी मला गावभर मिरवलं असतं. म्हणून मला कुलपाचं कपाट हवं होतं. बाहुलीचं कारण अर्थात मी कोणाला सांगितलं नाही. लुगड्यांना कसर लागते असं सांगितलं.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि आमच्या घराचा मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ओसरीवरून. दोन्हीकडं अर्ज केला तर नागपूरचा आधी मंजूर होईल असं आमचे हे म्हणत. पण त्या वर्षी कापूस चांगला उतरला होता आणि मामाजी खुशीत होते. खामगावच्या एका अडत्यानं नवं घर बांधलं होतं आणि जुनं लाकडी सामान अंगणात विकायला काढलं होतं. शेगावला दर्शनाला जायचंच होतं; परतताना खामगावात बैलांची रेंगी थांबवू आणि एखादं कपाट पाहू, असं ठरलं. सासूबाई घर राखायला मागं राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. घरातल्या एकूण एक कुलपांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि त्या घरात कुठं आहेत ते आवाजावरून कळे.

अडत्याच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बाजेवर त्याची म्हातारी आई बसली होती. विक्री तिच्या ताब्यात होती. मामाजी थेट एका मांदुशीकडं गेले. मांदूस म्हणजे माणूस मावेल एवढी लाकडी पेटी, लोखंडी पट्ट्या ठोकलेली. त्यांनी ती बोटांनी वाजवली, कान लावला, आणि जावई पसंत पडल्यासारखी मान हलवली. आमचे हे आरशाच्या कपाटासमोर उभे राहिले ते तिथून हलेनात. आधी टोपी नीट केली, मग मिशी, मग पुन्हा टोपी.

माझं कपाट सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभं होतं. हिरव्या रंगाचं. चौकटीवर वेल, वेलीवर लाल चोचींचे पोपट, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या रंगवलेल्या. एका पोपटाची मान चितारणाऱ्याकडून जरा जास्तच लांब झाली होती, त्यामुळं तो शेजारच्या घरात डोकावतोय असं वाटे. दारांवर मात्र काजळीचा थर होता, कारण ते वर्षानुवर्षं चुलीच्या खोलीत होतं. आत चार खण होते आणि बाहेर तळहाताएवढ्या किल्लीचं पितळी कुलूप. मी ते लावलं, काढलं, पुन्हा लावलं. माझा जीव त्या कुलपात अडकला.

पण सासऱ्यांशी सून समोरासमोर बोलत नसे. मी पदर सावरून उभी राहिले. शेवटी म्हातारीनंच विचारलं, "सूनबाई काऊन उगी हाय? वापराचं तर तिलेच हाय."

मग मी म्हातारीला सांगितलं, की आजी, मांदुशीचं झाकण उचलायला रोज सकाळी दोन गडी कुठून आणायचे? मामाजींनीही म्हातारीलाच सांगितलं, की हे बी खरं हाय. मी म्हातारीला म्हटलं, आरसा आमच्या घरची पोरं पोळ्यापर्यंतसुद्धा टिकू द्यायची नाहीत. मामाजी म्हातारीला म्हणाले, हे बी खरं हाय. आमच्या ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांचं तोंडच विकायला काढलंय. अशी आम्ही दोघांनी त्या म्हातारीच्या मध्यस्थीनं कपाटाची निवड केली. दारं काळी का, एवढंच मामाजींनी विचारलं. म्हातारी म्हणाली, धूर आहे, जवसाच्या तेलानं पुसा, खालचा रंग निघेल. खाली काय आहे ते तिला आता आठवत नव्हतं. फुलं असतील म्हणाली.

संध्याकाळी बंडीतून कपाट घरी आलं. आमच्या खोलीत, अंथरुणाच्या पायथ्याशी, एवढी एकच भिंत मोकळी होती. मी लगोलग पेटी रिकामी केली. वरच्या खणात शालू, शालूमागं बाहुली, दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या पदराला. सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा निश्चिंत झोपले.

ही निश्चिंती दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत टिकली. मी चिंधी तेलात बुडवून दारं पुसायला बसले. आधी राखाडी सोंडेसारखं काही दिसलं. पोरं म्हणाली साप आहे. मग दुसऱ्या दारावर तसंच. मग दोन्हीकडं हत्तींचे कान निघाले, मग मध्ये कमळ, मग कमळावर बसलेली बाई. तिचा चेहरा बरोबर दोन दारांच्या सांध्यावर होता, एक डोळा एका दारावर, दुसरा दुसऱ्यावर. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली की काय झालं. पोरं ओरडली, लक्ष्मी निघाली. आत्याबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आल्या आणि तशाच दंडवत पडल्या. त्यांच्या हातांचे पिठाचे ठसे जमिनीवर उमटले. जाऊबाईंनी ते पुसू दिले नाहीत.

आत्याबाई उठल्या. त्यांनी लक्ष्मीकडं पाहिलं, मग आमच्या अंथरुणाकडं पाहिलं.

"पोरी, लक्ष्मीकडं पाय करून कोनी झोपते काय?"

मी म्हटलं, उशा फिरवते. त्यावर त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. जाऊबाई हसायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवराबायकोच्या खोलीत देवी ठेवायची नसते, डोकं कुठंही केलं तरी. दुपारपर्यंत चार गड्यांनी माझं कपाट उचलून माजघरात, देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवलं, आतल्या शालूसकट आणि बाहुलीसकट. किल्लीही गेली. महिन्यातून जे चार दिवस बाई बाहेर बसते, त्या दिवसांत देवीची किल्ली तिच्या पदराला कशी चालेल? ती आत्याबाईंच्या कमरेला गेली.

हातातोंडाशी आलेला घास कसा जातो ते मला त्या दिवशी समजलं. मी गोठ्यामागं जाऊन रडले आणि रागारागानं गाईच्या पुढ्यात दुप्पट चारा टाकला. गाईचं बरं झालं. आमचे हे समजूत घालायला आले आणि म्हणाले, म्हणून मी आरशाचं घ्या म्हणत होतो, त्यात माझ्याशिवाय कोणी निघालं नसतं.

शुक्रवारी गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन कपाटाच्या दर्शनाला येऊ लागल्या. रोज सकाळी आंघोळीनंतर आत्याबाई कुलूप काढत, मी त्यांच्या देखत लुगडं घेई आणि वरच्या खणाकडं न पाहता बाजूला होई. एक खरं, की आता माझ्या सामानाला कोणी हात लावत नव्हतं. जाऊबाईंनी पोरांना सांगून ठेवलं होतं, की उघडाल तर हत्ती सोंडेनं धरतील.

मग महिना भरला आणि मी बाहेर बसले. अंगणापलीकडच्या पडवीत. चौथ्या दिवशी न्हाण्यासाठी धुवट लुगडं हवं, आणि ते कपाटात. आत्याबाई कपाट उघडताना मला पडवीतून सरळ दिसत होत्या. माझं रोजचं लुगडं खालच्या खणात होतं. पण त्यांना नेमकं सापडेना. त्यांनी वरच्या खणात हात घातला. शालू बाजूला केला. आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. किल्ल्यांचा आवाज थांबला होता. आता वळतील, जाऊबाईंना हाक मारतील, आणि माझी पोळ्याची मिरवणूक निघेल.

त्या वळल्या, दार लावलं, लुगडं आणून वरूनच माझ्या हातात टाकलं आणि पाणी तापलंय एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी जेवताना काही नाही. मी सारखी जाऊबाईंच्या तोंडाकडं पाहत होते, आणि माझ्या ताटात मीठ वाढलं नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई पोरांना घेऊन कापूस वेचायला गेल्या. घरात आम्ही दोघीच. आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथं मडक्यांची उतरंड होती, एकावर एक, आणि तिला त्यांच्याखेरीज कोणी हात लावत नसे. त्यांनी एकेक मडकं उतरवायला सांगितलं. सगळ्यात खालच्यात तुरीची डाळ होती. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि डाळीतून एक गाठोडं काढलं.

आत भातुकली होती. पितळी. बोटाएवढी चूल, रुपयाएवढी परात, झाकणासकट पाण्याचा गुंड, पोळपाट आणि काडीएवढं लाटणं. डाळीच्या भुकटीनं पिवळं झालेलं सगळं. त्यांनी ते पदरानं पुसून एकेक जमिनीवर मांडलं, अगदी स्वयंपाक मांडतात तसं, चूल डाव्या हाताला.

आठ वर्षांच्या असताना त्या या घरात आल्या होत्या. आईनं फराळाच्या डब्यात लपवून हे दिलं होतं. त्यांच्या सासूला सापडू नये म्हणून त्यांनी ते डाळीत पुरलं, आणि सासू वारल्यावर सुनांना सापडू नये म्हणून तिथंच ठेवलं. इतकी वर्षं त्या घरातली डाळ त्यांनी दुसऱ्या कोणाला काढू दिली नव्हती. आम्ही सगळ्याजणी त्यांना चिक्कू समजत होतो.

"एवढ्या किल्ल्या हायेत माह्या कमरेले," त्या म्हणाल्या, "पन माह्या सामानाची एकबी नाई. तुह्या वरच्या खनात जराशी जागा देशीन काय मले?"

सगळ्या घरावर हुकूम चालवणारी बाई माझ्याकडं जागा मागत होती. मी नुसती मान हलवली आणि रडू आलं ते लपवायलाही विसरले. आम्ही माजघरात गेलो. आत्याबाईंनी आधी लक्ष्मीला हात जोडले, मग दार उघडलं. मी शालू पुढं ओढला. त्यांनी बाहुलीला भिंतीशी नीट टेकवून बसवलं, तिच्या अंगावरचा लुगड्याचा तुकडा सारखा केला आणि तिच्यासमोर चूल, परात, गुंड मांडला.

"उपाशी होती बिचारी," त्या म्हणाल्या.

मग दार लावून त्यांनी कुलूप घातलं, ती तळहाताएवढी किल्ली कमरेच्या जुडग्यातून सोडवली आणि माझ्या पदराला बांधली. आणि त्या चार दिवसांत, मी विचारलं. त्या चार दिवसांत किल्ली मी सांभाळीन, त्या म्हणाल्या, तुझीही आणि माझीही.