विनातिकीट मालगा आणि आईचा समुद्र

निलेशचा फोन आला तेव्हा बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. निलेश माझा धाकटा भाऊ, स्पेनमधल्या मालगा नावाच्या शहरात नोकरीला. "सुट्टी लागली की तिघं या, विमानाचं मी बघतो," तो म्हणाला. मी वाशिमला शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना मोकळाच होता. बाबांनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "तिकिटं कन्फर्म भेटतीन ना?" तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न आला, "तिथं समुद्र हाय का?"

निलेश म्हणाला, घरापासून चालत जाण्याइतका जवळ.

"मंग मी यीन. पन आधीच सांगून ठेवते, मले समुद्रात उतराचं हाय. पाय भिजवाचे नाई. उतराचं."

मग कळलं ते असं. आईचं माहेर मंगरूळपीरजवळचं, आणि लहानपणी ती तिथल्या विहिरीत काठावरून उड्या मारायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन अनसिंगला आली. आमच्या शेतातही विहीर आहे, चांगली बांधीव. पण सून विहिरीत उतरली म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात. ती घाईनं विहिरीकडे निघाली तरी अर्धं गाव मागे धावतं. त्यामुळे चव्वेचाळीस वर्षं आईनं त्या विहिरीचं पाणी फक्त शेंदलं. आपल्या आईला पोहता येतं ही बातमी मला चाळिशीत, फोन स्पीकरवर असताना मिळाली, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आता बाबांविषयी. बाबा एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. नोकरी सुटली, पण घंटीची दोरी हातातून सुटली नाही. कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते आणि दोनदा वाजवली की सुटते, हे एसटीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आमचं घरही त्यावरच चालतं. बाबा "शिंगल" म्हणाले की सगळ्यांनी थांबायचं आणि "डबल" म्हणाले की निघायचं. आमची लग्नंसुद्धा बाबांच्या डबलवरच ठरली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. व्हिसाची अपॉइंटमेंट दोन-तीन महिने आधी घ्या. आम्ही वाशिमहून ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथून आखातात विमान बदलून माद्रिद आणि पुढे वेगवान रेल्वेनं मालगा असे गेलो. रेल्वेत तपासनीस आमच्या डब्यात फिरकलाच नाही. बाबा शेवटपर्यंत तिकीट हातात धरून बसले होते. "कोनी तपासून नाई राह्यलं, मंग लोकं काढत काहून असतीन?" हा प्रश्न त्यांना अख्खा प्रवास पुरला.

तिथे पोचल्यावर माझ्याकडून एक चूक झाली. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये, आणि बाबा प्रत्येक गोष्ट शंभरानं गुणतात. स्टेशनवर निलेशनं कॉफी पाजली, तर बाबांनी "दोनशे रुपये" असं मोठ्यानं म्हणून पहिला घोट घेतला आणि दुसरा घेतलाच नाही. म्हणून मी मोठ्या हुशारीनं फक्त फुकट बघण्यासारख्या ठिकाणांचा बेत आखला. वाटलं, बाबा खूश होतील. पण ज्यानं उभा जन्म विनातिकीट लोकांना खाली उतरवण्यात घालवला, त्या माणसाला मी आठवडाभर फुकट फिरवायला निघाले होते.

पहिल्या सकाळी निलेश कामावर गेला आणि आम्ही गावात हिंडलो. रस्ते इतके स्वच्छ, की आईनं चप्पल काढावी का असं विचारलं. दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं! हंगाम सरला होता, पण शेंड्याला चार-दोन संत्री उरली होती आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. आईचं माहेर संत्र्याच्या बागेवालं, तिला कसं राहवणार? उडी मारून फांदी वाकवली, सोललं आणि अर्धं बाबांच्या हातात दिलं. दोघांनी एकदमच तोंडात टाकलं. बाबांचा चेहरा असा झाला, की समोरून येणारी बाई थांबून हसू लागली. ती संत्री कडू असतात, त्यांचा मुरंबा करतात, हे निलेशनं संध्याकाळी सांगितलं.

"पाह्य," बाबा पाणी पिऊन म्हणाले, "फुकट असते थे असंच असते."

दुपारी आई न्हाणीघरात गेली आणि मरून रंगाचा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. आई. पंजाबी ड्रेस. मी तिला साडीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

"मंगरूळच्या टेलरकून शिवून आनला. पोरीसाठी हाय म्हनलं त्याले."

"माप कोणाचं दिलंस?"

"माह्यंच. थो म्हने, मॅडमची तब्येत लई सुधरली."

पण किनाऱ्यावर गेलो तर वारा सुटलेला आणि वाळूत लाल झेंडा रोवलेला. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायला मनाई. लाटा चांगल्या उंच येत होत्या. झेंडा बघताच बाबांचा जीव भांड्यात पडला. या शहरात त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी नियम करणारं भेटलं होतं. "शिंगल," ते म्हणाले. आई ओढणी सावरत बराच वेळ लाटा बघत उभी राहिली आणि परत फिरली. मला फार वाईट वाटलं. किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून, त्यावर निखारे करून काडीला टोचलेले मासे भाजून देतात, ते मात्र आम्ही पैसे देऊन खाल्ले. आईनं काडीसुद्धा स्वच्छ केली.

रविवारी किल्ला. मालग्याचा अल्कासाबा हा टेकडीवरचा जुना मुसलमानी अमदानीतला किल्ला, कारंजी, बागा आणि वरून दिसणारं बंदर. रविवारी दुपारी दोननंतर आत जायला पैसे पडत नाहीत (निघण्याआधी वेळ तपासून घ्या, बदलतात). पायथ्याचं रोमन नाट्यगृह रस्त्यावरूनसुद्धा दिसतं. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यानं हातानं आत जायची खूण केली आणि म्हणाला, "ग्रातिस." म्हणजे फुकट.

बाबा जागचे हलेनात. त्यांनी हात पुढे केला. "तिकीट."

"ग्रातिस, सेन्योर."

"हो ना बाप्पा, पन झीरोचं त देशीन का नाई? वरतं कोनी धरलं त काय दाखवू?"

मागे रांग वाढू लागली. मी बाबांचा सदरा ओढत होते, आई दुसरीकडे बघून आपण या माणसाच्या ओळखीच्या नाही असं दाखवत होती. पहारेकरी पन्नाशीचा होता. त्यानं बाबांकडे नीट पाहिलं, टेबलावरचा किल्ल्याचा नकाशा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो उलटा-सुलटा पाहिला आणि कोपरा पुढे केला. त्या भल्या माणसानं हसत हसत कोपरा फाडला! बाबांनी नकाशा खिशात ठेवला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "डबल." आम्ही किल्ला चढलो. वर त्यांना कोणी धरलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी शहर पायी दाखवणारी फुकट सहल घेतली. छत्री उंच धरून एक मुलगी सगळ्यांना गल्ल्यागल्ल्यांतून फिरवते, इंग्रजीत गोष्टी सांगते. शेवटी ज्याला जे वाटेल ते तिच्या हातावर ठेवायचं. आईला तिची फार काळजी. "इतकं बोलून राह्यली, खाल्लं असन का काही हिनं?" असं म्हणून चर्चसमोर तिनं पिशवीतून धपाटे काढले आणि ठेच्यासकट त्या पोरीच्या हातात दिले. त्यानंतरचं पाचएक मिनिटांचं ऐतिहासिक विवेचन पोरीनं डोळ्यांतून पाणी गाळत केलं. आमच्यासोबतच्या जर्मन बाईंना वाटलं, प्रसंगच फार दुःखद असावा. निरोप घेताना बाबांनी तिला आनंदानं नोट दिली. गुणाकार केला नाही. पावती मात्र मागितली.

संध्याकाळी झेंडा हिरवा झाला. समुद्र आमच्या तलावासारखा शांत. आई मरून ड्रेसमध्ये तयार. आणि बाबा म्हणाले, "शिंगल."

"आता काहून?" आईचा आवाज चढला.

"आज नाई. सकाळून पाहू."

"परवा विमान हाय आपलं! चव्वेचाळीस वर्षं झाले, मी सकाळून पाहूनच राह्यली ना!"

ती तरातरा घराकडे निघून गेली. मी बाबांवर उखडले. म्हटलं, तुम्हाला तिला हक्कानं थांबवता येतं म्हणून तुम्ही थांबवता. बाबा बाकावर बसले. खिशातला नकाशा काढून त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मिने, मले पोवता येत नाई. तिकडं तिले काही झालं, त मी काठावर उभा राहून काय करू? इतके वर्षं गाडी डेपोत उभी राह्यली त बॅटरी उतरते का नाई?" माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

शेवटच्या सकाळी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. आई आमच्यापुढे दहा पावलं चालत होती. तिथे तिच्याच वयाची एक बाई डोक्याला रबरी टोपी घालून अंग चोळत होती. शेजारी घडीच्या खुर्चीवर तिचा नवरा पेपर वाचत बसला होता. आई थेट तिच्यापाशी गेली. "थंड हाय का वं पानी?"

बाईनं स्पॅनिशमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं, दात वाजवून दाखवले आणि दोघी हसल्या. मग बाईनं पाण्याकडे बोट दाखवलं, "बामोस?" याचा अर्थ "चल जाऊ", हे आईला विचारावंसुद्धा लागलं नाही.

पाण्याच्या कडेपर्यंत दोघी गेल्या. बाई आत शिरली. आई थांबली आणि मागे वळली. माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. ती रागानं बघत नव्हती, विनवणीही करत नव्हती. नुसती वाट बघत होती, गाडीचा ड्रायव्हर बघतो तशी.

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि डोक्यावरची नसलेली दोरी त्यांनी दोनदा ओढली.

"डबल!" आवाज फाटला त्यांचा. खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली ठेवला.

आईनं ओढणी माझ्याकडे फेकली, धावत कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि सूर मारला. ती वर येईपर्यंत बाबा बूट-पँटीसकट गुडघाभर पाण्यात पोचले होते. आई वर आली ती "मायबाई, बरफ हाय!" असं किंचाळतच, आणि मग पोहू लागली. एवढा भूमध्य समुद्र समोर पसरलेला, पण आई विहिरीत शिकलेली. ती एका जागी गोल गोल फिरत होती, काल्पनिक काठाला हात लावत होती! ती स्पॅनिश बाई सरळ दूर जाऊन परत आली, तरी आईच्या फेऱ्या चालूच. मी हसत होते आणि रडतही होते. शेवटी बाईनं आईचा हात धरला आणि तिला त्या गोलातून बाहेर काढून सरळ पुढे नेलं. आई उताणी होऊन तरंगली.

"बस झालं, शिंगल! शिंगल!" बाबा ओरडत होते. आईनं ऐकलं नाही. नंतर तिनं सांगितलं की कानात पाणी होतं. दोन्ही कानांत.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. कोणी विचारलं की मालगा कसं आहे, तर मी किल्ला, बंदर, भाजलेले मासे आणि फुकट रविवार, सगळं सांगते. जा म्हणते, खर्च होतो तो तिथवर पोचण्याचाच. बाबांनी कोपरा फाटलेला नकाशा देवघराच्या फडताळात ठेवला आहे आणि पाहुण्यांना "तिकीट" म्हणून दाखवतात.

पोळ्याच्या आसपास आमची विहीर वरपर्यंत भरली. रविवारी मी अनसिंगला गेले होते. सकाळी आई मरून ड्रेस घालून विहिरीकडे निघाली, आणि व्हायचं तेच झालं. शेजारच्या बाया "अवं थांबा, काय करून राह्यल्या!" म्हणत मागे धावल्या, दोन गडी हातातलं काम टाकून आले. बाबा आधीच काठावर जाऊन उभे होते.

"कोनी भिऊ नका," त्यांनी जाहीर केलं. "तिकीट काढून बसली हाय थे." आणि लोखंडी बादलीवर खडा घेऊन दोनदा वाजवला.

आईनं उडी मारली. अख्खा काठ ओला झाला. ती वर आली, डोळे पुसले, चार हात मारले आणि समोरच्या भिंतीला जाऊन थडकली. वळली, पुन्हा चार हात, पुन्हा भिंत. मग तिनं वर पाहिलं. आम्ही सगळे काठावरून वाकलो होतो.

"अवो," आई बाबांना म्हणाली, "ही विहीर लहान कवा झाली?"