पाण्याला लागलेली हळद

आमच्या गावात मुलगी द्यायची झाली तर लोक मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी पाण्याची चव विचारतात. बाळापूरकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारट, की वरणात मीठ टाकायचं राहिलं तरी घरात कोणाला कळत नसे! पुढे धरणाचं गोडं पाणी पाइपातून आलं, उंच टाकी बांधली गेली, आणि त्यात ब्लिचिंग पावडर टाकून पाणी शुद्ध ठेवणारा जलसुरक्षक म्हणून ग्रामपंचायतीनं मला नेमलं. (दुसरं कोणी टाकीवर चढायला तयार नव्हतं, ही बाब मी लग्नाच्या बायोडाटात लिहिली नाही.)

मला मात्र टाकीवर फार आवडायचं. वर गेलं की गाव लहान होतं आणि मन मोठं. खाली तुरीची पिवळी फुलं, लांब धुक्यात बाळापूरचा किल्ला तरंगत असल्यासारखा, अंगाला लागणारा वारा, घुमणारी कबुतरं. बादलीत पावडर कालवायची, गाळ खाली बसून वर निवळी येईपर्यंत थांबायचं, मग ती निवळी टाकीत ओतायची, एवढंच काम. पण थांबण्यातच माझा घात व्हायचा. निवळीत आभाळ दिसायचं, आभाळात ढग, ढगात मी... आणि भरली बादली घेऊन मी तसाच हसत खाली उतरायचो! बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे.

त्या दिवशी वैशाली घर पाहायला येणार होती. कौंडण्यपूरजवळची, वर्धा नदीचं गोडं पाणी पिऊन वाढलेली मुलगी. फोटो पाहिल्यापासून मी जमिनीवर नव्हतोच. तिच्या मामांनी फोनवर बजावलं होतं, "पोट्टा पसंत आहे आमाले. पण तुमच्या गावचं पानी पिऊन पाहू, मंगच पुढची गोष्ट." याआधीचं एक स्थळ आमच्याकडे पाण्याचा घोट घेऊन मुकाट उठून गेलं होतं. आईचा जीव टांगणीला लागला होता, आणि माझाही.

सकाळीच टाकीवर गेलो. निवळीत आज ढग नव्हते, वैशाली होती! आमच्या ओट्यावर बसून, कोवळ्या उन्हात, ग्लासातून गोडं पाणी पीत होती आणि माझ्याकडे पाहून हसत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग तिनंच जणू आठवण करून दिली आणि मी बादली टाकीत रिकामी केली. आयुष्यात पहिल्यांदा विसरलो नाही! त्या आनंदात तरंगत खाली उतरलो आणि कोणाला काही सांगायचंच विसरलो.

थोड्या वेळानं शेजारचे गणपतकाका दारात. हातात गमछा.

"दिन्या, नवा भगवा गमछा धुतला, तं रंग उडून मोतिया झाला. काहून बे?"

"रंग कच्चा असंन काका."

"अन् नळाले वास कायचा येऊन राहिला?"

मला कसलाच वास येत नव्हता. रोज पावडर हाताळून माझ्या नाकाला तो अत्तरासारखा झाला होता!

दुपारी पाहुणे आले. मामांना सर्दी झालेली, नाक पार बंद. वैशालीनं मात्र दारात पाऊल टाकलं आणि ओढणी नाकाला लावली. मला वाटलं, लाजली! किती गोड लाजते, म्हणून मी अजून थोडा तरंगलो.

आईनं माठातलं पाणी तांब्याभर आणलं. मी ऐटीत खिशातून तपासणीची काचेची नळी काढली.

"मामाजी, यात औषधाचे थेंब टाकतो. पाणी फिकट पिवळं झालं म्हणजे शुद्धतेची खात्री!"

थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. मग हळदीसारखं झालं. मग नारिंगी झालं आणि गंजाच्या वाटेला लागलं!

इतका गडद रंग म्हणजे पावडर बेसुमार, हे मला ठाऊक होतं. मामा मात्र खूश!

"अबाबा! हळद लागली की पान्याले! याच्यापक्षा शुभ काय असते? जावईबापू, आन् तो ग्लास इकडे!"

जावईबापू! काय गोड शब्द तो! गप्प बसलो असतो तर लग्न तिथंच ठरलं असतं. ओट्यावरची वैशाली, कोवळं ऊन, सगळं डोळ्यांपुढे एकदा पोहून गेलं. मामांनी ग्लास ओठांजवळ नेला.

"पिऊ नका!" मी ओरडलो. "पावडर लय जास्त झाली त्याच्यात! घसा धरंन तुमचा!"

ग्लास खाली आला. मामांचा चेहराही.

"पण मी तं एकच बादली टाकली होती..." मी पुटपुटलो.

"तू टाकली?" बाबा उडालेच. "तू हसत खाली आला, मले वाटलं भुलला असंन! मंग मी चढलो अन् टाकली!"

आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "मले वाटलं, पोट्टा बी भुलते अन् बाप बी भुलते. म्हून मी बी टाकली."

"तू टाकीवर चढली?"

"टाकीवर कायले? माठातच टाकली! चांगली मूठभर!"

मी गावाकडचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीतलं पाणी सोडून द्यायला धावलो. टाकी रिकामी होताना गोडं पाणी नालीनं वाहत होतं, त्यात आभाळ होतं, आणि माझं लग्नही त्याच नालीनं चाललेलं दिसत होतं. खरं सांगतो, डोळे भरून आले. (पावडरीमुळे नाही.)

परत आलो तर मामा चपला घालत होते. वैशाली मात्र बसलेली.

"चाल ना पोरी."

"मामा, यायनं बिघडवलं, हे खरं," ती म्हणाली. "पण तुमच्या तोंडाले लागायच्या आधी सांगतलं बी. मले चालते." मग माझ्याकडे वळून, "पण यापुढं टेस्ट केल्याबिगर एक थेंब सोडाचा नाई. समजलं?"

"हाओ!" आई, बाबा आणि मी एकदम म्हणालो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला हळद लावून झाली आणि तिचा फोन आला, "आज टेस्ट केली का? फोटो धाडा." तसाच उठलो, पाण्याची नळी चेहऱ्याशेजारी धरून फोटो धाडला. पाणी कसं, अगदी हवं तेवढं फिकट पिवळं! वर्षभरात इतकं नेमकं जमलं नव्हतं.

लगेच उत्तर आलं: "पाणी बरोबर आहे. नवरदेवात पावडर जास्त झाली."