ज्या दिवशी काकणं उतरली

शिकवणारीनं ज्या दिवशी तुमच्या वर्मावर बोट ठेवलं, त्याच दिवशी तिच्याबद्दल विचारलं, तर खरं सांगाल का? छातीवर हात ठेवून बोला.

हट्टा गावच्या पंचफुलाबाईला नाही सांगता आलं. ती गावची सुईण. तिच्या हातच्या काही पोरी बाळंतरोगाच्या तापानं जायच्या, मग दैवाला बोल लावायचा. निजामाच्या राज्यात, एकोणीसशे एक्केचाळीसच्या सुमाराला सुइणींचा सरकारी वर्ग निघाला. शिकवायला नर्स आली, शकुंतलाबाई. विधवा.

"हात कोपरापर्यंत धुवा. काकणांखाली घाण राहते. काढा. निघत नसतील तर फोडा."

फोडा! आपल्याकडं काकण फुटलं तरी 'वाढलं' म्हणतात. आणि हे बोलली कोण, तर मोकळ्या हातांची बाई.

"काहून फोडू? माझा धनी जित्ता हाय!" पंचफुलाबाई उसळली. "सोताचं गेलं म्हून आमचं बी कुंकू पुसाया आली व्हय?"

शकुंतलाबाई हटली नाही. रडत, शिव्या देत बायकांनी काकणं उतरवली. नेमका तेव्हाच वर्ग तपासणारा साहेब दारात.

"बाई कैसा सिखाती?"

"अवदसा हाय! घालवा तिला!" पंचफुलाबाई ओरडली, बाकीच्यांनी तिचीच री ओढली.

झालं. वर्ग बंद, शकुंतलाबाईची नोकरी गेली.

सुगीत पंचफुलाबाईच्या सुनेचे दिवस भरले. घरचीच पोर, म्हणून जीव भ्याला. कोणी बघत नाही असं पाहून तिनं काकणं उतरवली, कोपरापर्यंत हात धुतले. ताप आला नाही. पुढच्या बाळंतिणीलाही नाही, तिच्या पुढचीलाही नाही. तेव्हा म्हातारी नवऱ्याला, नामाजीला, घेऊन साहेबाच्या कचेरीत गेली.

"साहेब, आता इचारा. लई गुनाची बाई व्हती ती."

साहेब हसला. "तब अवदसा, अब गुनाची? तेरी जबान का क्या भरोसा?"

जबान तिचीच होती, साहेबा! तू विचारायला आलास तो दिवस खोटा होता. शिकवलेलं हातात मुरायच्या आधीच तू चव विचारलीस, आणि बायकांनी राग सांगितला.

आता निजाम गेला. शकुंतलाबाई जवळा बाजार या गावी रोजानं मिरच्या निवडते. 'पुन्हा शिकवायला या' हा पंचफुलाबाईचा निरोप घेऊन मी हट्ट्याहून गेलो, तर म्हणाली, "तुमच्या गावानं मला अवदसा म्हटलं. काहून येऊ?"

बराबर आहे तिचं. माझ्या तोंडून माफी कशाला ऐकेल ती?

तेव्हा हट्ट्याकडचे असाल, तर आपल्या घरच्या बायांना घेऊन जवळ्याला जा, आणि त्यांच्याच तोंडून तिची माफी मागवा.