बटईची गाडी

भोकरच्या स्टँडवर नांदेडची काळीपिवळी जीप भरत होती. मागं माणसं कोंबून झाली होती, टपावर पोती चढली होती आणि पुढच्या शीटवर आमच्या शाळेतले एक मास्तर ऐटीत बसले होते. माझ्या हातात सुटकेस, मायच्या हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं. बाबा सरळ ड्रायव्हरपाशी गेले. म्हणाले, "पोरीला पुढं बसीव. पुण्याला नवकरीवर चाललीय." ड्रायव्हर म्हणाला, "मामा, पुढं मास्तर हायेत ना." "मग मास्तरला इचार की!" मास्तरांनी ऐकलंच होतं. ते हसत खाली उतरले आणि म्हणाले, "बस बाई, आज तुझा मान."

आमच्या घरातली त्या शीटवर बसलेली मी पहिली. गाडी हलली तेव्हा माय रडत होती आणि बाबा इकडंतिकडं बघत होते, पोरगी पुढं बसलेली सगळ्यांना दिसतीय ना म्हणून. मी रडले नाही. पुढच्या शीटवर बसून कुणी रडतं का?

तुम्ही जे तिकडंच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, कुठंकुठं पांगलात, तुम्हाला ही गोष्ट सांगायची म्हणजे आधी बटई सांगावी लागत नाही, हे एक बरं आहे. माझ्या ऑफिसात सांगावी लागली. दुसऱ्याचं रान, आपली मेहनत आणि पीक निम्मं-निम्मं. बाबांनी जन्मभर तेच केलं. पाडवा आला की रान मालकाला परत, मग मालकाची मर्जी. पाडव्याच्या आधी बाबा त्या रानातली धसकटं वेचायचे, धुऱ्यावरची हरळी खोदून काढायचे. मी चिडायचे. "उद्या सोडायचंय ना, मग कशाला मरायलाव?" ते म्हणायचे, "घेतलं त्याच्याहून चांगलं करून द्यावं." लातूरला शिकायला होते तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं, परत द्यावी लागेल अशी एकही वस्तू आयुष्यात घ्यायची नाही. स्वतःचं घ्यायचं, नाहीतर पायी जायचं.

म्हणून पुण्यात इतकी वर्षं मी कंपनीच्या बसनं फिरले. सोबतच्यांनी एकेक करून गाड्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या कंपनीच्या लीजवर. गाडी लीजवाल्यांची, हप्ता आपल्या पगारातून, मुदत संपली की परत. मी नाक मुरडायचे.

मग शेजारच्या टेबलावरचा अनिकेत नोकरी सोडून निघाला. त्याच्या पांढऱ्या गाडीच्या लीजची बरीच मुदत बाकी होती. कंपनीतल्याच कुणीतरी ती पुढं चालवायला घेतली तर तो मोकळा, नाहीतर उरलेली सगळी रक्कम त्यानं एकदम भरायची, असा नियम. तो मला म्हणाला, "अगं, घेऊन टाक ना. एकदम मस्त ठेवलीये." दुसऱ्या मजल्यावरचे एक साहेबही मागत होते, पण गाडी त्यांना म्हणे मुलाला शिकायला हवी होती, ठोकली तरी चालेल अशी.

खरं सांगू? मन झालं माझं. बाबांचे गुडघे आता काळीपिवळीत चढताना कुरकुरतात. त्यांना दवाखान्यात न्यायचं, मायला लेण्या दाखवायच्या, कितीतरी दिवसांचं मनात होतं. पण बटई ती बटईच. दोन्ही बाजूंनी जीव ओढत होता. शेवटी फोन लावला.

"जयभीम बाबा. जेवण झालं का?"

"झालं. तू काय करायलीस?"

मी सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि मग खो खो हसले. "म्हंजे गाडी बटईनं!"

"बटईत निम्मं पीक तरी घरी येतं, बाबा."

"मग ह्यात काय येतं?"

"हप्ता येतो."

पुन्हा हसले. मला वाटलं, झालं, आता म्हणतील घे किंवा म्हणतील नको. पण त्यांचा आवाज एकदम बदलला. "त्यो पोरगा राजीखुशीनं सोडायलाय का?"

हे त्यांचं जुनं. दुसऱ्या कुणी सोडलेलं रान बटईला घ्यायचं असलं की बाबा आधी त्या माणसाच्या घरी जायचे. त्याच्या घरचं पाणी प्यायचे आणि विचारायचे, "राजीखुशी हाय का?" तो हाव म्हणाला तरच रान घ्यायचं. मालकाला वाटायचं, हा माणूस फार नखरे करतो. चांगली चांगली रानं त्यापायी हातची गेली.

"बाबा, त्याला दुसरीकडं नोकरी लागली असेल," मी म्हणाले.

"असंल म्हंजे? इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहा घेताना विचारलं. पुण्यात असं कुणी कुणाला विचारत नाही, त्यामुळे माझी जीभ अडखळली. "अनिकेत, तू खुशीनं सोडतोयस ना?" तो हसला आणि हसता हसता थांबला. "खुशीनं कोण सोडतं गं?" त्यानं नोकरी सोडली नव्हती, त्याला सोडायला सांगितलं होतं. सगळ्यांना तो 'ब्रेक घेतोय' म्हणून सांगत होता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिला ह्याच गाडीतून घरी आणली होती, हेही त्यानं सांगितलं आणि मग चहाचा कप उगाच फिरवत बसला.

बाबांना कळवलं. ते तडकाफडकी म्हणाले, "मग नको घेऊ. रडत्या माणसाचं काही घेऊ न्हाई."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो बाबा, मी नाही घेतली तर त्याचं रडणं थांबणार आहे का? उलट सगळा बोजा त्याच्यावर पडंल! तुमचा नियम रानाला ठीक आहे, इथं नाही चालत!"

तेवढ्यात फोनवर मायचा आवाज आला. तिनं हातातून ओढून घेतला असावा. "कामून ओरडायलीस त्यायच्यावर? तुला ठावं हाय का, त्ये असं कामून इचारतेत?"

मला माहीत नव्हतं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. ओढ्याकाठचं एक रान बाबा करायचे, त्यांचा जीव की प्राण. पाडव्याआधी सवयीप्रमाणं धसकटं वेचून त्यांनी ते आरशासारखं केलं. आणि पाडव्याच्या दिवशी जाऊन बघतात तर रानात दुसऱ्याचा वखर उभा. मालकानं सांगितलं नव्हतं, घेणाऱ्यानंही विचारलं नव्हतं. "मंग बाबांनी काय केलं?" मी विचारलं. माय म्हणाली, "काय करतेत? त्या मान्साला मातीखालचा खडक कुठं हाय त्ये दाखवून आले. म्हने, न्हाई तर त्याचा नांगर मोडंल. घरी आल्यावर मातर जेवले न्हाईत. म्हनले, घ्यायचं तं घे, पन एक डाव इचारायचं तरी व्हतं."

फोन ठेवल्यावर मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. आणि त्याच्यासोबत असा अभिमान दाटून आला की काय सांगू! लोकांचे बाप पोरांसाठी रानं ठेवून जातात. माझ्या बापानं मला एक प्रश्न दिला होता आणि तो कुठल्याही सातबाऱ्यावर चढत नाही.

बाबा म्हणत होते नको, पण मला आता दुसरंच उमजलं होतं. अनिकेतला गाडी सोडावीच लागणार होती. ते ना माझ्या हातात होतं, ना त्याच्या. मग त्याच्या हातात काय उरलं होतं? कुणाला द्यायची, एवढंच. मी त्याच्याकडं गेले आणि म्हणाले, "गाडी कुणाला द्यायची ते तू ठरव. मला नाही दिलीस तरी राग नाही. साहेबांना द्यायची असेल तर मी मध्ये येणार नाही." तो म्हणाला, "हे मला कुणीच विचारलं नाही गं. नोकरीचंही नाही." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "करुणा, तूच घे. मला तुलाच द्यायचीये."

बाबांना हे सगळं कळवलं आणि कागद झाले. गाडी द्यायला आला तेव्हा त्यानं ती आतून-बाहेरून धुऊन आणली होती, मागच्या शीटच्या फटीतले मुलीच्या बिस्किटांचे कणसुद्धा काढले होते. मला बाजूला बसवून सांगत राहिला. डावी काच पावसाळ्यात अडकते, वरून हात दे. रिव्हर्सला उगाच बोंबलते, घाबरू नकोस. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, अरे माझ्या राजा, तू तर मला खडक दाखवायलास.

क्लास लावून हात बसवला आणि पुढच्या सुट्टीत मी ती घेऊन भोकरला गेले. घर कुठंय तुझं, असं पुण्यात कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगून गप्प बसायचे. तिथं आमच्या नावावर वीतभर जमीन नाही, काय सांगणार? आता सांगते. माझं घर म्हणजे जिथं दुसऱ्याचं घ्यायच्या आधी विचारतात ते. ते मी पुण्यालाही घेऊन आले आहे.

बाबा स्टँडवर वाट बघत होते, धुतलेलं धोतर नेसून. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, रानाभोवती मारायचे तशी. मी पुढचं दार उघडलं. "बसा बाबा, आज तुमचा मान." ते गुडघ्यावर हात देऊन बसले आणि काच खाली करायला लावली. समोरच काळीपिवळी उभी होती आणि पुढच्या शीटवर तेच मास्तर, आता पार म्हातारे. त्यांनी ओरडून विचारलं, "काय राव, कोणाची गाडी?"

मला वाटलं, बाबा म्हणतील पोरीची. पण त्यांनी कोपर खिडकीबाहेर काढलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बटईची हाय, मास्तर! पन इचारून घेतलेली हाय."